एफटीपी बंद करा: ६० जीबी स्कॅन कमांड लाईनवरून सर्व्हरवर सुरक्षित कसे न्यायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या ऑफिसात जुन्या मासिकांची पानं स्कॅन होतात, टिफ फायली, सगळं मिळून ६० जीबीच्या आसपास, आणि ते मुंबईतल्या एका भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर न्यायचंय. आत्तापर्यंत एफटीपीने, म्हणजे फायली पाठवायच्या जुन्या, उघड्या पद्धतीने जातंय, चौघांत मिळून एकच पासवर्ड, आणि तो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पिन केलेला. आता कमांड लाईनवरून नीट, सुरक्षित करायचंय, तर एससीपी, एसएफटीपी की आरसिंक?

आधी उत्तर देतो, मग कारणं. रोजच्या कामाला आरसिंक वापरा, एसएसएचवरून, म्हणजे दूरच्या मशीनशी वाटेत कोणाला वाचता येणार नाही असं कनेक्शन जोडणाऱ्या प्रोग्राममधून. एखाददुसरी फाईल असेल तर एससीपी. बाहेरच्या माणसाला फक्त फायली टाकायला जागा द्यायची असेल तर एसएफटीपी. तिन्ही एकाच एसएसएचच्या कनेक्शनमधून जातात, त्यामुळे वाटेत कोणी वाचेल का या बाबतीत तिघांत काही डावं-उजवं नाही, फरक आहे तो सोयीचा. आणि खरं सांगायचं तर एन्क्रिप्शन हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, ते आपोआप होतं. चुका होतात त्या दुसरीकडेच, समोरचा सर्व्हर आपलाच आहे का हे न बघता, किल्ली कुठेही पडू देऊन, आणि गेलेली फाईल जशीच्या तशी पोचली का हे न तपासता. म्हणून मी त्यावरच जास्त बोलणार आहे.

एक गोष्ट आधीच. कमांड मी फोनवर सांगतो तशा सांगतोय, टाईप करताना इंग्रजी अक्षरं, सगळी स्मॉल, जिथे कॅपिटल लागतं तिथे मी तसं म्हणेन.

एफटीपी का नको ते एकदा डोळ्यांनी बघा. ऑफिसच्या ज्या मशीनवरून एफटीपी करता त्यावर वायरशार्क हा नेटवर्कवरून जाणारं सगळं दाखवणारा प्रोग्राम चालू करा, पोर्ट २१ चा, म्हणजे एफटीपीच्या दाराचा, फिल्टर लावा आणि लॉगिन करा. तुमचा पासवर्ड जसाच्या तसा, अक्षर न् अक्षर, स्क्रीनवर येतो. वाटेतल्या कुठल्याही राऊटरवर, कॅफेच्या वायफायवर, कोणालाही तो तसाच दिसू शकतो. मी नव्या क्लायंटकडे गेलो की हेच पहिलं दाखवतो, त्यांच्याच मशीनवर त्यांचाच पासवर्ड, आणि त्यानंतर एफटीपी कशाला बदलायचं असं आजवर कोणी विचारलेलं नाही. एसएसएच जन्मालाच मुळी यामुळे आलं. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले, आणि तिथल्या ताटू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून हा प्रोग्राम लिहिला. २१ वर एफटीपी, २३ वर टेलनेट हे तसंच उघडं जुनं लॉगिन, मधला २२ रिकामा होता, तो त्यांनी रीतसर मागून घेतला. आज आपण जे वापरतो ते बहुतेक ठिकाणी ओपनएसएसएच, ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांनी १९९९ मध्ये काढलेलं. विंडोज १० मध्येसुद्धा २०१८ पासून त्याचा क्लायंट सोबतच येतो, त्यामुळे एससीपी आणि एसएफटीपी पॉवरशेलमध्ये थेट चालतात, आरसिंक मात्र येत नाही, त्यासाठी डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय, टाकून त्याच्या आत चालवा.

नावांचा एक घोळ इथेच मिटवू. एसएफटीपी म्हणजे एफटीपीला कुलूप लावलंय असं नाही, तो सर्वस्वी वेगळा प्रोटोकॉल आहे, एसएसएचच्या आत चालणारा. एफटीपीएस हे तिसरंच, ते म्हणजे जुनं एफटीपी टीएलएसमध्ये, म्हणजे वेबसाईट वापरतात त्या एन्क्रिप्शनमध्ये, गुंडाळलेलं. होस्टिंगवाल्याने "सिक्युअर एफटीपी देतो" म्हटलं तर यातलं नेमकं कुठलं ते विचारून घ्या, पोर्ट २२ सांगितला तर एसएफटीपी आहे असं बहुधा धरायला हरकत नाही.

आता पहिल्या कनेक्शनकडे या, कारण सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच आहे आणि सगळे तोच घाईत उडवतात. पहिल्यांदा जोडताना स्क्रीनवर येतं की या होस्टची, म्हणजे समोरच्या सर्व्हरची, ओळख पटलेली नाही, फिंगरप्रिंट (त्याच्या किल्लीची छोटी खूण) अमुक अमुक, पुढे जायचं का? आणि आपण यस टाईप करून मोकळे होतो. तिथे खरा प्रश्न असतो की पलीकडे बसलेलं मशीन तुमचंच आहे का. मधे कोणी दुसराच सर्व्हर म्हणून उभा राहिला असेल तर एन्क्रिप्शन अगदी व्यवस्थित चालेल, फक्त ते त्या चोराशी चालेल. म्हणून असं करा. होस्टिंग कंपनीच्या वेबसाईटवर लॉगिन केलं की ब्राउझरमधून सर्व्हरचा कन्सोल उघडता येतो, तिथे एसएसएच-कीजेनला हायफन एल, हायफन एफ देऊन, इटीसी फोल्डरमधल्या एसएसएच फोल्डरातली ईडी२५५१९ ची होस्ट की दाखवा, ती डॉट पब वाली. 'एसएचए२५६' आणि कोलन, त्यापुढे ४३ अक्षरं येतात. 'एसएचए२५६' पासून त्या ४३ अक्षरांपर्यंतचा तुकडा कॉपी करा, आणि तुमच्या मशीनवर तो प्रश्न आला की यसऐवजी तेवढाच तुकडा तिथे पेस्ट करा. ओपनएसएसएच ८.० पासून ही सोय आहे, जुळलं तरच पुढे जातं, डोळ्यांनी ४३ अक्षरं ताडून बघायची गरजच नाही. दोन मिनिटांचं काम आहे आणि मशीनमागे एकदाच करायचंय.

त्यानंतर ती ओळख नोन-होस्ट्स नावाच्या फाईलमध्ये जाऊन बसते. पुढे कधी ॲट चिन्हांच्या चौकटीत मोठ्ठी वॉर्निंग आली की होस्टची ओळख बदलली आहे, तर थांबा. सर्व्हर नव्याने इन्स्टॉल केला असेल, आयपी दुसऱ्या मशीनला गेला असेल, तर कारण साधं आहे, एसएसएच-कीजेन हायफन कॅपिटल-आर आणि होस्टचं नाव देऊन जुनी नोंद काढा आणि फिंगरप्रिंट परत कन्सोलवरून ताडा. पण कारण माहीत नसेल तर ज्याच्याकडे सर्व्हर आहे त्याला आधी फोन करा. स्ट्रिक्ट होस्ट की चेकिंग नो करून ती वॉर्निंग गप्प करायचा सल्ला जागोजागी मिळतो, तो कृपा करून घेऊ नका, दारावरचा माणूस काढून टाकण्यासारखं आहे ते.

मग किल्ली, म्हणजे पासवर्डऐवजी लॉगिनला वापरायची फाईल. चौघांचे चार कॉम्प्युटर, तर चार वेगवेगळ्या किल्ल्या. एसएसएच-कीजेन, स्पेस, हायफन टी, स्पेस, ईडी२५५१९. तो पासफ्रेज, म्हणजे किल्लीचा स्वतःचा लांब पासवर्ड, विचारेल, रिकामा सोडू नका, लक्षात राहतील असे पाच-सहा मराठी शब्द एकमेकांशी संबंध नसलेले रोमनमध्ये टाका. रोज टाईप करायचा कंटाळा येतो हे मान्य आहे, त्यासाठी उघडलेली किल्ली लक्षात ठेवणारा एसएसएच-एजंट असतो, दिवसातून एकदा एसएसएच-ॲड केलं की झालं. यातून दोन फायली तयार होतात. डॉट पब वाली ती कुलपासारखी आहे, ती मेल करा, कोणालाही द्या, काही बिघडत नाही. दुसरी, बिन-पबवाली, ती किल्ली आहे, ती ज्या मशीनवर जन्मली तिथून हलवायची नाही, ना मेल, ना पेनड्राईव्ह, ना व्हॉट्सॲप. घरच्या लॅपटॉपवरून काम करायचंय? मग तिथे नवी बनवा, फुकट आहे. एकदा एका ऑफिसात मला सर्व्हरचा ॲक्सेस हवा होता तर त्यांनी त्यांची प्रायव्हेट की मेलला जोडून पाठवली, ती त्याआधी आणखी कितीजणांना गेली होती हे त्यांना सांगताच येईना, मग त्या एका किल्लीने उघडणारे सगळे सर्व्हर शोधण्यात आमचे दोन दिवस गेले.

पब्लिक की सर्व्हरवर टाकायला एसएसएच-कॉपी-आयडी, मग युजर ॲट सर्व्हर. ती जाऊन ऑथराईज्ड-कीज फाईलमध्ये एक ओळ म्हणून बसते. आणि इथेच तुमच्या व्हॉट्सॲपवरच्या पासवर्डचा प्रश्न सुटतो, कारण उद्या चौघांतला एक काम सोडून गेला तर त्याची एक ओळ काढायची, बाकी तिघांना काही कळतही नाही. ओळीच्या शेवटी नाव आणि मशीन लिहून ठेवा म्हणजे दोन वर्षांनी ही कोणाची असा प्रश्न पडणार नाही. की टाकूनही तो पासवर्डच मागत राहिला तर ९० टक्के वेळा परमिशनचं कारण असतं, सर्व्हरवरचं डॉट एसएसएच फोल्डर ७००, त्यातली ऑथराईज्ड-कीज ६००, म्हणजे दोन्ही फक्त मालकालाच उघडी, आणि होम फोल्डर इतरांना लिहिता येईल असं उघडं नको.

चौघंही किल्लीने जायला लागले की सर्व्हरवर पासवर्डने लॉगिन बंद करा, एसएसएचडी, म्हणजे सर्व्हरवर चालणारा एसएसएचचा प्रोग्राम, त्याच्या एसएसएचडी-कॉन्फिग फाईलमध्ये पासवर्ड ऑथेंटिकेशन नो. ती सर्व्हिस रीस्टार्ट करण्याआधी एसएसएचडी हायफन टी चालवून फाईलमध्ये चूक नाही ना ते बघा, आणि एक जोडलेली खिडकी तशीच उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीतून लॉगिन होतंय का ते बघा, मगच पहिली बंद करा. पोर्ट २२ बदलून दुसरा घ्यावा का हेही लोक विचारतात. लॉगमधला कचरा कमी होतो एवढंच, ज्याला शोधायचाय तो शोधतोच, संरक्षण म्हणून त्यावर विसंबू नका.

आता खरं काम. एक फाईल न्यायची तर एससीपी, स्पेस, फाईलचं नाव, स्पेस, युजर ॲट सर्व्हर, कोलन, पाथ. कोलन विसरलात तर तो तुमच्याच फोल्डरमध्ये त्या विचित्र नावाची कॉपी बनवून गप्प बसतो आणि तुम्हाला वाटतं गेली. पोर्ट वेगळा असेल तर एससीपीला कॅपिटल पी लागतो आणि एसएसएचला स्मॉल, एससीपीचा स्मॉल पी म्हणजे फाईलची वेळ जपणे, इथे इतक्या वर्षांचे अनुभवी लोकही अडखळतात. कोलनवरूनच आठवलं, रेकॉर्डिंगच्या फाईलच्या नावात '१०:३०' असं असेल तर एससीपी त्याला सर्व्हरचं नाव समजतो, नावाआधी डॉट आणि स्लॅश लावा की समजेल. आणि एससीपीचा जुना प्रोटोकॉल ऐंशीच्या दशकातल्या आरसीपी या फाईल-कॉपीच्या कमांडवरून आलेला, त्यात सर्व्हरवर फार विश्वास टाकलेला होता, दगाबाज सर्व्हर तुमच्याकडच्या भलत्याच फाईलवर लिहू शकेल अशा चुका २०१८-१९ च्या सुमाराला समोर आल्या. एप्रिल २०२२ च्या ओपनएसएसएच ९.० पासून एससीपीची कमांड तीच राहिली पण आतून एसएफटीपीच बोलते. त्यामुळे सर्व्हर खूप जुना असेल आणि एससीपी अचानक चालेना झालं तर हायफन कॅपिटल-ओ देऊन जुन्या पद्धतीने जाता येतं, तो सर्व्हर अपडेट होईपर्यंतची सोय म्हणूनच.

पण ६० जीबीला एससीपी नको. तुमची अपलोडची लाईन २० एमबीपीएसची धरली तर सगळं नीट चाललं तरी साडेसहा तासांच्या वर जातात, त्यात एकदा जरी लाईट गेली किंवा राऊटर रीस्टार्ट झाला की एससीपी परत पहिल्यापासून. आरसिंक तसं करत नाही. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात हे लिहिलं ते बारीक लाईनसाठीच, दोन्हीकडच्या फाईलचे तुकडे चेकसमने, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या छोट्या आकड्याने, ताडायचे आणि फक्त बदललेलं पाठवायचं. कमांड अशी: आरसिंक, स्पेस, हायफन ए व्ही कॅपिटल-पी, स्पेस, स्कॅनचं फोल्डर आणि शेवटी स्लॅश, स्पेस, युजर ॲट सर्व्हर, कोलन, तिथलं फोल्डर आणि स्लॅश. असा एक कोलन दिला की आरसिंक आपोआप एसएसएचवरून जातं, दोन कोलन दिलेत तर ते आरसिंकच्या स्वतःच्या डीमनशी, म्हणजे सर्व्हरवर मागे चालू असलेल्या प्रोग्रामशी, बोलायला जातं आणि ते उघडंच असतं, त्यामुळे कोलन एकच. कॅपिटल पी मुळे प्रगती दिसते आणि अर्धवट आलेली फाईल तो टाकून देत नाही, तुटलं की तीच कमांड परत द्या, तिथून पुढे. ए मुळे फाईलची तारीख जपली जाते, आणि आरसिंक फाईल बदलली की नाही ते साईझ आणि तारखेवरूनच ठरवतो, म्हणून ए वगळलं तर पुढच्या वेळी सगळ्या फायली परत तपासत बसेल.

टिफ जर अनकॉम्प्रेस्ड असतील तर झेडही जोडा, म्हणजे वाटेत दाबून पाठवेल, बराच फरक पडतो. जेपेग, झिप, व्हिडिओ यांना काही उपयोग नाही, आधीच दाबलेलं परत काय दाबणार. दिवसा ऑफिसची लाईन अडकू नये म्हणून डबल हायफन बीडब्ल्यूलिमिट, बरोबर, १५०० द्या, म्हणजे साधारण १२ एमबीपीएस. इथे आकडा किलोबाईटचा असतो, आणि एससीपीच्या हायफन एल मध्ये तो किलोबिटचा, आठपटीचा फरक आहे तेव्हा एकाचा आकडा दुसऱ्यात टाकू नका. मॅकवर असाल तर सोबत येणारं आरसिंक न वापरता होमब्रू या मॅकवर प्रोग्राम टाकायच्या सोयीतून नवं टाका, ॲपलने वर्षानुवर्षं २००६ सालचं २.६.९ दिलं होतं.

शेवटच्या स्लॅशबद्दल. सोर्सच्या शेवटी स्लॅश म्हणजे "या फोल्डरच्या आतलं", स्लॅश नाही म्हणजे "हे फोल्डर". एवढ्याशा फरकाने सर्व्हरवर स्कॅनमध्ये स्कॅन असं फोल्डर तयार होतं, ६० जीबी दोनदा जातं. आणि त्याला डबल हायफन डिलीट जोडलं की प्रकरण गंभीर होतं, कारण डिलीट म्हणजे सोर्सला जे नाही ते तिकडूनही उडव. माझ्या ओळखीच्या एका ठिकाणी रात्री दोनला ही कमांड क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालायची, सोर्स होती एक यूएसबी हार्डडिस्क. एके रात्री डिस्क निघालेली होती, पण जिथे ती जोडली जायची ते रिकामं फोल्डर जागेवर होतं, आरसिंकला सोर्स रिकामं दिसलं आणि त्याने सांगितल्याप्रमाणे सर्व्हरवरचं अडीच वर्षांचं काम साफ केलं. आरसिंकची चूक नव्हती. सकाळी तिथे पोचलो तेव्हाचे चेहरे मला अजून आठवतात, आणि म्हणूनच हे पोटतिडकीने सांगतोय. डिलीट लागतच नसेल तर वापरू नका, तुमच्या कामात मला त्याची गरज दिसत नाही. लागलंच तर आधी हायफन एन लावून ड्राय रन, म्हणजे काही न बदलता नुसती रंगीत तालीम, बघा, मॅक्स-डिलीटला मर्यादा द्या, आणि बॅकअप व बॅकअप-डिर दोन्ही द्या म्हणजे उडवलेलं दुसऱ्या फोल्डरात जाऊन पडेल.

रात्री आपोआप पाठवायचं असेल तर पासफ्रेज टाकायला माणूस नसतो, तेव्हा बिनपासफ्रेजची वेगळी किल्ली लागतेच. मग तिचे हात बांधा. ऑथराईज्ड-कीजमधल्या तिच्या ओळीच्या सुरुवातीला रिस्ट्रिक्ट हा शब्द आणि कमांड म्हणून आरआरसिंक, हायफन डब्ल्यू ओ आणि एकच फोल्डर. आरआरसिंक ही आरसिंकसोबत येणारी छोटी स्क्रिप्ट आहे. किल्ली चोरीला गेली तरी त्या माणसाचा हात त्या एका फोल्डरापुरताच राहील, शेल, म्हणजे कमांड द्यायची जागा, मिळणार नाही, बाकी सर्व्हर दिसणार नाही. बाहेरच्या डीटीपीवाल्याला वगैरे जागा द्यायची असेल तर त्याचं वेगळं खातं करा, कॉन्फिगमध्ये त्याला इंटर्नल-एसएफटीपीची सक्ती आणि क्रूट डिरेक्टरी, म्हणजे त्याला ज्याच्या बाहेर जाता येणार नाही असं फोल्डर. ते वरचं फोल्डर रूटच्याच, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या, मालकीचं लागतं, दुसऱ्या कोणाला तिथे लिहिता आलं तर लॉगिनच होत नाही, यावर लोक अख्खा दिवस घालवतात. त्याच्या आत अपलोड नावाचं एक फोल्डर त्या युजरच्या मालकीचं करा. अशा खात्यावर आरसिंक चालणार नाही, एसएफटीपीच, गेट-पुट, आणि तुटलेलं पुढे न्यायला रीगेट-रीपुट.

मराठी नावांच्या फायलींबद्दल एक, कारण हे दुसरीकडे सापडत नाही. एखादं मशीन जुनं मॅक असेल, एचएफएस प्लस या जुन्या फाईल-रचनेच्या डिस्कचं, तर ते नावातली काही अक्षरं फोडून ठेवतं, आणि आपला 'ऱ' त्यात येतो, तो 'र' आणि खालचा टिंब असा दोन कोडमध्ये जातो. म्हणजे 'दुसऱ्या अंकाची पानं' हे नाव स्क्रीनवर अगदी सारखं दिसतं पण लिनक्सला ती दोन वेगळी नावं वाटतात, आणि आरसिंक ते फोल्डर दोनदा बनवतो. मॅकवरून पाठवताना डबल हायफन आयकॉन्व्ह, बरोबर, यूटीएफ-८-मॅक, स्वल्पविराम, यूटीएफ-८ द्या, नाहीतर सरळ नावं रोमनमध्ये आणि आकड्यांत ठेवा, वर्ष-महिना-पान अशी, मी तर हेच सुचवेन.

राहिली पडताळणी. आरसिंक पाठवताना प्रत्येक फाईलचा चेकसम ताडतो, पण नंतर डिस्कवर काय झालं ते तो परत वाचून बघत नाही. जुन्या मासिकाचं पान परत स्कॅन करायला मूळ अंक शाबूत असेलच असं नाही, त्यामुळे तुमच्या बाबतीत हे टाळू नका. पाठवायच्या आधी स्कॅनच्या फोल्डरमध्ये उभं राहून सगळ्या फायलींवर एसएचए२५६सम चालवा आणि यादी एका टेक्स्ट फाईलमध्ये साठवा, मॅकवर तेच शासम, हायफन ए, २५६, आणि विंडोजवर वरचं आरसिंक चालवायला घेतलेल्या डब्ल्यूएसएलमध्येच. ती यादीही सोबत पाठवा. सगळं पोचल्यावर सर्व्हरवर त्याच फोल्डरमध्ये जाऊन एसएचए२५६सम हायफन सी आणि यादीचं नाव, डबल हायफन क्वाएट जोडलं तर फक्त चुकलेल्या फायली दिसतात. काही दिसलं नाही म्हणजे सगळं जुळलं. एखाद्या फाईलपुढे फेल्ड आलं तर तिकडची तेवढी फाईल काढून आरसिंक परत चालवा, आणि तीच फाईल दुसऱ्यांदाही फेल्ड आली तर नेटवर्ककडे बघत बसू नका, दोन्हीकडच्या डिस्क आणि रॅम तपासायला घ्या. कोल्हापूरच्या मशीनवरची मूळ टिफ ही यादी स्वच्छ येईपर्यंत हलवायची नाही, आणि एफटीपीची सर्व्हिस मात्र आजच बंद करा, तो ग्रुपवरचा पासवर्ड आणखी कुठेकुठे तोच ठेवलाय ते आठवून तिथलाही बदला.